छापलेली लिंक परत घेता येत नाही

गेल्या काही वर्षांत आमच्या छापखान्यात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मॅटरमध्ये एक गोष्ट नव्याने आली आहे. लिंक, नाहीतर क्यूआर कोडचा चौकोन. लग्नपत्रिकेवर कार्यालयाचा नकाशा, शाळेच्या स्मरणिकेत स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओची लिंक, कृषी सेवा केंद्राच्या पत्रकावर फवारणीची माहिती, गणेश मंडळाच्या पावतीपुस्तकावर देणगीचा कोड. जळगावला आमचा जॉबवर्कचा छापखाना आहे, आणि निम्मं गिऱ्हाईक धुळ्याकडचं. दोन्हीकडची कामं करताना या छोट्या केलेल्या लिंकांबद्दल जे कळत गेलं, ते लिहून ठेवतो आहे. ज्यांना हे आधी कळायला हवं, ते बहुतेक वेळा मॅटर देऊन मोकळे झालेले असतात.

धुळ्याच्या एका घरची लग्नपत्रिका होती. लग्न शहराबाहेरच्या लॉन्सवर. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे पाहुणे चारी दिशांनी येणार. सुरतेला स्थायिक झालेले नातेवाईक तर खानदेशातल्या प्रत्येक लग्नात असतातच. त्यांना लॉन्स सापडावं म्हणून नवरीच्या मावसभावाने पुण्याहून क्यूआर कोड बनवून पाठवला. रंगीत, मधोमध गणपती, दिसायला देखणा. प्रूफवर मोबाइल धरला, नकाशा उघडला, घरच्यांनी सही केली आणि पत्रिका छापून गेल्या.

लग्न तोंडावर आलं, बऱ्याच पत्रिका वाटून झाल्या, आणि नवरीच्या काकांचा फोन आला. "भाऊ, पत्रिकावरलं हाई काई उघडत नही. आते काय करानं?" फाइलला लावलेली प्रत काढून मी मोबाइल धरला. नकाशाऐवजी इंग्रजी पान उघडलं. या कोडची मोफत मुदत संपली आहे, चालू ठेवायचा असेल तर पुढीलपैकी एक योजना घ्या. योजना वर्षाची होती आणि पैसे डॉलरमध्ये भरायचे होते.

मावसभावाला मी दोष दिला नाही, आजही देत नाही. 'मोफत' हा शब्द त्या साइटवर सगळ्यात मोठ्या अक्षरात होता, मुदतीची अट नोंदणीच्या आतल्या पानात. शेवटी आम्ही नव्या कोडचे छोटे स्टिकर छापले आणि उरलेल्या पत्रिकांवर चिकटवले. वाटून झालेल्या पत्रिकांसाठी घरच्या दोन मुलांनी व्हॉट्सॲपवर एकेकाला लोकेशन पाठवलं. वयस्कर मंडळी, ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप नाही, त्यांच्यासाठी महामार्गाच्या चौफुलीवर एक माणूस उभा करावा लागला. लग्न नीट पार पडलं. पण लग्नाच्या धामधुमीत त्या घराला जी धावपळ करावी लागली, ती सहज टळण्यासारखी होती.

तो कोड नंतर मी सावकाश वाचला. क्यूआर कोड म्हणजे शेवटी साठवलेली अक्षरंच. फोनमध्ये तो उघडण्याआधी खाली पत्ता दिसतो, तेवढा वाचायचा. त्यात नकाशाचा पत्ता नव्हताच. होता तो कोड बनवणाऱ्या साइटचा स्वतःचा एक आखूड पत्ता. फोन आधी तिथे जाणार, तिथला संगणक आपल्या वहीत बघणार की या आखूड पत्त्यापुढे कुठला खरा पत्ता लिहिला आहे, आणि मग फोनला तिकडे वळवणार. लिंक छोटी करून देणाऱ्या सगळ्या सेवा अशाच चालतात. पत्ता छोटा होत नाही, मध्ये एक तिसरा माणूस येऊन बसतो. अनोळखी गावात कुणी घराचा पत्ता न सांगता "स्टँडसमोरच्या टपरीवर विचारा, ते सांगतील" एवढंच सांगावं, तशी ही व्यवस्था. टपरी चालू आहे तोवर ठीक. टपरी उठली, मालक बदलला, किंवा पैसे घेतल्याशिवाय बोलेनासा झाला, तर घर जागच्या जागी असूनही पाहुणा स्टँडवर उभा राहतो.

क्यूआर बनवणाऱ्या साइटवर 'स्टॅटिक' आणि 'डायनॅमिक' असे दोन प्रकार दिसतात. स्टॅटिक कोडमध्ये खरा पत्ता थेट चौकोनात लिहिलेला असतो. तो बनवून देणारी साइट उद्या बंद पडली तरी कोड चालतो, कारण तिचा आणि कोडचा पुढे काही संबंध उरत नाही. क्यूआरचं तंत्र जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत 1994 मध्ये तयार झालं आणि कंपनीने ते सगळ्यांना विनामूल्य वापरू दिलं. त्यामुळे स्टॅटिक कोडसाठी कुणाला भाडं देण्याचं कारणच नाही. डायनॅमिक कोडमध्ये मात्र चौकोनात छोटी लिंक असते. मुदत संपते ती चौकोनाची नव्हे, त्या लिंकेची.

आमच्या धंद्यातले बरेच जण यावर म्हणतात की पत्ता लांब असला तर कोडचं गचपण होतं, तो स्कॅन होत नाही, म्हणून लिंक छोटी करावीच लागते. हे मी मोजून पाहिलं आहे. साधारण 25 अक्षरांची छोटी लिंक एका बाजूला 25 चौकटी असलेल्या कोडमध्ये बसते. 100 अक्षरांचा पूर्ण पत्ता टाकला तर बाजूला 41 चौकटी होतात. हा कोड अडीच सेंटिमीटरचा छापला तर एक चौकट अर्ध्या मिलिमीटरहून मोठी येते. ऑफसेटला आणि साध्या लेझर प्रिंटरलाही हे अवघड नाही. फोनला अडचण होते ती दुसऱ्याच कारणांनी. कोडच्या चहूबाजूंना चार चौकटींइतकी कोरी जागा सोडलेली नसते. पत्रिकेच्या सोनेरी चकचकीत कागदावर सोनेरीच कोड छापलेला असतो. मधोमध गणपती किंवा लोगो मोठा बसवलेला असतो. क्यूआरमध्ये खराब झालेला भाग भरून काढण्याची सोय असते, ती 7 टक्क्यांपासून 30 टक्क्यांपर्यंत ठेवता येते. गणपती त्यातूनच जागा खातो. काळा कोड, पांढरा कागद, भोवती मोकळी जागा, एवढं पाळलं तर लांब पत्त्याचा कोडही पहिल्या झटक्यात लागतो.

नकाशासाठी तर लिंक छोटी करण्याची गरजच पडत नाही. गुगल मॅप्सच्या साध्या पत्त्यापुढे अक्षांश-रेखांश लिहिले की काम होतं. दशांश चिन्हानंतर पाच आकडे दिले तर जागा जवळजवळ एका मीटरपर्यंत नेमकी लागते. लॉन्सच्या गेटवर उभं राहून नकाशावर बोट दाबून धरलं की ते आकडे मिळतात. गेटवरच उभं राहा असं मी मुद्दाम सांगतो, कारण लॉन्सच्या नावाने शोधलं तर कधी मागच्या शेताकडचा रस्ता दाखवला जातो. आकडे टाकून केलेला स्टॅटिक कोड ही आता आमच्या छापखान्यातली नेहमीची पद्धत आहे. शिवाय कोडखाली दोन ओळी मराठीत असतातच: कुठल्या रस्त्याने यायचं, जवळची खूण कोणती.

मराठी माणसाला लिंका छोट्या कराव्याशा वाटण्यामागे एक खास कारण आहे, आणि ते मला धुळ्याच्या एका निवृत्त सरांच्या कामात कळलं. सर विद्यार्थ्यांसाठी खानदेशच्या इतिहासावर संदर्भपुस्तिका करत होते. मराठी विकिपीडियावरचे काही लेख त्यांना संदर्भ म्हणून द्यायचे होते. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता स्वच्छ दिसतो, शेवटी देवनागरीत 'खानदेश'. तोच कॉपी करून मॅटरमध्ये चिकटवला की टक्क्याची चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची रांग लागते. सरांना वाटलं फाइल बिघडली. बिघडलेलं काही नव्हतं. जुन्या नियमांप्रमाणे वेबच्या पत्त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं चालतात. देवनागरीचं एकेक चिन्ह संगणकात तीन बाइटचं असतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं लिहावी लागतात. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरातला हलन्तही वेगळा मोजला जातो. 'धुळे' लिहायला 36 अक्षरं, 'जळगाव' 45, 'खानदेश' 54. आपल्या विद्यापीठाचं पूर्ण नाव, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, असं लिहिलं तर 400 च्या वर जातं. इंग्रजीत हीच नावं जेवढ्यास तेवढी राहतात.

एसएमएसचंही तेच. इंग्रजी मजकूर एका एसएमएसमध्ये 160 अक्षरांपर्यंत बसतो, देवनागरी 70 पर्यंतच. तेव्हा मराठी संस्थांनी, मराठी शिक्षकांनी छोट्या लिंकांचा आधार घेतला यात नवल नाही. आपल्या लिपीला या व्यवस्थेत जागा कमी मिळाली आहे आणि त्याची किंमत आपण परक्या दारातून लिंका फिरवून मोजतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सरांनी आधी सगळे संदर्भ एका मोफत सेवेवरून छोटे करून आणले होते. सहा-सात अक्षरांचे पत्ते, कुठला कुणाचा हे वाचून कळायला मार्ग नाही. त्यात इंग्रजी मोठं आय, लहान एल आणि आकडा एक हे आमच्या टाइपमध्ये सारखेच दिसत होते. शून्य आणि ओ यांचंही तसंच. बऱ्याचशा छोट्या लिंकांमध्ये मोठं आणि लहान अक्षर वेगळं मोजतात, त्यामुळे एक चूक झाली की भलतंच पान उघडतं. मराठी छपाईत आणखी एक जुनी खोड आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फाँटमध्ये मॅटर असलं आणि लिंकेला चुकून तोच फाँट लागला, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे उमटतात. ओळ संपताना सॉफ्टवेअर लिंक तोडून मध्ये आडवी रेघ घालतं, किंवा वाक्याचा पूर्णविराम लिंकेला चिकटतो आणि वाचक तोही टाइप करतो. लांब पत्त्यात अशी चूक निदान डोळ्याला दिसते. छोट्या लिंकेत दिसत नाही.

मी सरांना विचारलं, "सर, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी प्रकाशनं चाळताना तळटीप लागली तर आपण काय करतो?" ते म्हणाले, "लेखकाचं नाव बघतो, ग्रंथ बघतो, पान बघतो." तेच आम्ही पुस्तिकेत केलं. लेखाचं मराठी शीर्षक, साइटचं नाव, पान पाहिल्याची तारीख आणि मग लिंक. लिंक मेली तरी शीर्षकावरून शोधता यावं, ही किमान सोय. विकिपीडियाच्या लेखांसाठी विकिमीडियाची स्वतःची लघुलिंक सेवा 2019 पासून आहे, डब्ल्यू डॉट विकी या पत्त्यावर. ती फक्त आपल्याच प्रकल्पांच्या पानांना लिंक देते. लेख ठेवणारी आणि लिंक देणारी संस्था एकच असली की मधला परका माणूस उरत नाही. बाकीच्या पानांची प्रत आधी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन केली आणि जतन केलेल्या पानाचा पत्ता नोंदवला. शोधनिबंधांना डीओआय क्रमांक असतो, तिथे तोच छापला. तोही वाट वळवणारा पत्ताच आहे, पण त्यामागे प्रकाशकांची बांधिलकी असते. साइट बदलली तर नोंद दुरुस्त करणं हे त्यांचं काम मानलेलं आहे.

लिंक छोटी करणाऱ्या सेवा टिकतात किती, याचा इतिहास फार जुना नाही, पण बोलका आहे. केव्हिन गिल्बर्टसन या अमेरिकन माणसाने 2002 मध्ये टाइनीयूआरएल सुरू केलं. ते अजून चालू आहे. 2009 मध्ये क्लिग्ज नावाच्या सेवेत घुसखोरी झाली आणि सुमारे 22 लाख लिंका एकाच भलत्या पानाकडे वळवल्या गेल्या. ज्यांनी त्या लिंका वाटल्या होत्या त्यांची काही चूक नव्हती. 2010 मध्ये व्हीबी डॉट एलवाय ही छोटी सेवा लिबियाच्या डोमेन नोंदणी यंत्रणेने काढून घेतली. 'एलवाय' ही लिबिया देशाची खूण आहे. दिसायला गोड म्हणून घेतलेलं नाव दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली येतं, याचा विचार फारसा कुणी केला नव्हता.

सगळ्यात मोठी गोष्ट गुगलची. गू डॉट जीएल ही सेवा 2009 च्या डिसेंबरात आली. 2018–19 मध्ये नव्या लिंका बनवणं बंद झालं. 2024 च्या जुलैत गुगलने जाहीर केलं की 25 ऑगस्ट 2025 नंतर या लिंका चालणार नाहीत. मग ऐन ऑगस्ट 2025 मध्ये भूमिका सौम्य केली: ज्या लिंकांवर 2024 च्या अखेरीस काही हालचाल नव्हती त्या बंद, बाकीच्या चालू. गुगल मॅप्समधून मिळणाऱ्या नकाशाच्या लिंका यात नव्हत्या, हे इथे सांगायला हवं. पण 'हालचाल' हा निकष पुस्तकासाठी किती घातक आहे ते बघा. ग्रंथालयाच्या कपाटातली संदर्भपुस्तिका दोन-तीन वर्षांतून एखादा विद्यार्थी उघडतो. तिच्यातल्या लिंकेवर हालचाल कुठून असणार? जाहिरातीची लिंक जगते आणि संदर्भाची मरते. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीची सेवा जर दहा-पंधरा वर्षांत अशी आवरती घेतली जाते, तर कालपरवा निघालेल्या मोफत साइटवर भिस्त ठेवून कुणी शताब्दी अंक छापू नये.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी मला जास्त अस्वस्थ करते.

रावेर तालुक्यातले एक केळीवाले दादा बिलबुकं छापायला आले होते. बोलता बोलता त्यांनी फोन पुढे केला. "भो, हे भरून दे बरं जरा. किसानचा हप्ता अडकला म्हणे." मराठीतला मेसेज, व्हॉट्सॲपवर गावच्याच एका ग्रुपमध्ये आलेला, खाली छोटी लिंक. पंतप्रधान किसान योजनेचे 2,000 रुपयांचे तीन हप्ते वर्षाला येतात, त्यामुळे 'हप्ता अडकला' हे शब्द वाचून शेतकऱ्याचं बोट थांबत नाही. लिंक न उघडता ती कुठे जाते ते आम्ही बघितलं. हे कुणालाही करता येतं. टाइनीयूआरएलची लिंक असेल तर पत्त्याच्या सुरुवातीला प्रीव्ह्यू हा शब्द आणि टिंब जोडायचं. बिटलीची असेल तर शेवटी अधिकचं चिन्ह जोडायचं. इतर सेवांसाठी लिंक उलगडून दाखवणाऱ्या साइट आहेत. दादांच्या लिंकेचं दुसरं टोक एपीके फाइलवर होतं. एपीके म्हणजे फोनमध्ये थेट बसणारं ॲप. असं ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. दादांनी मेसेज पुसला आणि आमच्यासमोरच ग्रुपमधल्या दोघा-तिघांना फोन लावून सावध केलं.

सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हाही बनावट साइटपासून सावध राहा असं सरकारला सांगावं लागलं. वाहनाचा दंड, वीज तोडण्याची धमकी, लग्नाचं डिजिटल आमंत्रण, विषय बदलतात, वाट तीच. लांब पत्ता वाचता आला तर माणूस निदान संशय घेऊ शकतो. सुरुवातीच्या एचटीटीपीएसपुढच्या दोन रेघा सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवटचे शब्द 'जीओव्ही डॉट इन' आहेत का, एवढंच बघायला घरातल्या शाळकरी मुलीलाही शिकवता येतं. मध्ये जीओव्ही आणि शेवटी डॉट कॉम असेल तर ती सरकारी साइट नव्हे. छोट्या लिंकेत नेमकी ही वाचायची सोय नाहीशी होते.

नियम आता कडक होत आहेत. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या आदेशाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून व्यावसायिक एसएमएसमधल्या लिंका आधी नोंदवून मान्य करून घ्याव्या लागतात. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'बँक डॉट इन' या स्वतंत्र डोमेनवर जायला सांगितलं होतं, म्हणजे गिऱ्हाइकाला पत्ता बघूनच बँक ओळखता यावी. पण व्हॉट्सॲपवरचे निरोप ट्रायच्या त्या आदेशात येत नाहीत. आणि आपल्याकडे सगळं व्हॉट्सॲपवरच चालतं.

म्हणून माझं म्हणणं शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्था, मंडळं या सगळ्या प्रामाणिक लोकांना आहे. पालकांच्या ग्रुपवर शाळेने रोज छोट्या लिंका टाकल्या, की पालकांना न बघता उघडायची सवय लागते. ती सवय आपण लावतो आणि तिचा फायदा चोर घेतो. व्हॉट्सॲपवर लांब लिंकेची अडचण काय आहे? तिथे 70 अक्षरांची मर्यादा नाही, उलट पूर्ण पत्ता टाकला तर बहुतेकदा खाली पानाचं शीर्षकही दिसतं. तिथे लिंक छोटी करू नका. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

एक गोष्ट थोडक्यात, पण महत्त्वाची. विद्यार्थ्यांची आधार कार्डं, सभासदांच्या याद्या, गुणपत्रिका असं काही ड्राइव्हवर 'लिंक असेल त्याला दिसेल' अशा पद्धतीने ठेवून तिची छोटी लिंक कधीही करू नका. लांब पत्त्यातली ती गुंतागुंतीची अक्षरं हेच तिथलं कुलूप असतं. 2016 मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की पाच-सहा अक्षरांच्या लिंका संगणकाने एकामागून एक चाचपडून पाहता येतात, आणि त्यांना लोकांच्या खासगी फाइली तशाच सापडल्या. त्यांनी आधीच कळवल्यामुळे गुगलने 2015 मध्येच नकाशांच्या नव्या लिंका 11–12 अक्षरांच्या केल्या होत्या.

छोटी लिंक कधीच वापरू नये असं मी म्हणत नाही. फ्लेक्सवर, भाषणात तोंडी सांगताना, फळ्यावर लिहिताना छोटा पत्ता लागतोच. छापल्यानंतर खरा पत्ता बदलला तर तो दुरुस्त करता येणं हाही डायनॅमिक कोडचा खरा फायदा आहे. फक्त ती मधली जागा आपल्या मालकीची असावी. 'डॉट इन' शेपटीचं डोमेन वर्षाला हजार रुपयांच्या आसपास मिळतं आणि एकदम दहा वर्षांपर्यंत नोंदवता येतं. शाळेचं नाव, पुढे तिरकी रेघ, पुढे 'स्मरणिका' हा शब्द इंग्रजीत. एवढा पत्ता लक्षातही राहतो, वाचताही येतो, आणि तो कुठे वळवायचा हे शाळेच्या हातात राहतं. आमच्याकडच्या एका शिक्षणसंस्थेने हे केलं आहे. त्यांचा कोड आम्ही गेटवरच्या पाटीवर, पावत्यांवर, स्मरणिकेत, सगळीकडे तोच छापतो.

यात सांभाळायची गोष्ट एकच, आणि तिथेच संस्था कमी पडतात. डोमेन बहुधा एखाद्या हौशी शिक्षकाच्या स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं. शिक्षकांची बदली होते, मुदत संपल्याचा मेल त्यांच्याकडे जातो, संस्थेला पत्ताच नसतो. सुटलेलं डोमेन कुणीही घेऊ शकतं, आणि जुन्या शाळांच्या पत्त्यांवर जुगाराच्या साइट चालू झालेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा डोमेन संस्थेच्या ईमेलवर घ्या, मुदतीची तारीख कार्यालयाच्या रजिस्टरात लाल शाईने लिहा, आणि कुठला छोटा पत्ता कुठे वळवला आहे याची यादी त्याच रजिस्टरात ठेवा. ज्यांना डोमेन परवडत नाही त्यांनी सरळ स्टॅटिक कोड छापावा.

प्रूफ तपासण्याची पद्धतही बदलायला हवी. पडद्यावरचा कोड स्कॅन करून समाधान मानू नका. ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर काढलेला कोड स्कॅन करा, तोही घरच्यांच्या नाही तर तिऱ्हाइताच्या फोनवरून. ज्याने लिंक बनवली त्याच्या फोनमध्ये ती हमखास उघडते, कारण लिंकेमागे ड्राइव्हवरची फाइल असेल तर तिची परवानगी त्याच्या खात्याला आधीच असते. पान उघडण्याआधी खाली दिसणारा पत्ता वाचा. तो तुमच्या ओळखीचा नसेल तर थांबा.

जळगाव-धुळ्यातल्या छापखाने चालवणाऱ्या आणि डीटीपी करणाऱ्या सगळ्या भावंडांना माझी विनंती आहे. लग्नसराईत मॅटर रात्री येतं आणि सकाळी पत्रिका हव्या असतात, हे मला माहीत आहे. तरीही गिऱ्हाइकाला एवढं विचारा: या कोडमधला पत्ता कुणाच्या नावावर आहे आणि तो कधीपर्यंत चालणार आहे? उत्तर मिळेपर्यंत प्लेट काढू नका.